मशीनचं माहेर शोधणाऱ्या अक्का

सुमनअक्कांना मी पहिल्यांदा भेटलो तो त्यांची बारा मशिनं भंगारात घालायला. सरकारनं टायपिंगच्या परीक्षा टाइपरायटरवरून काढून कॉम्प्युटरवर नेल्या होत्या, क्लासवाल्यांची धांदल उडाली होती, आणि माझं धुळ्यातलं कॉम्प्युटरचं दुकान नुकतंच उघडलेलं. म्हणजे माझी चांदीच! जुनी मशिनं उचलायची, नवे कॉम्प्युटर बसवायचे, चहा प्यायचा आणि पुढचा क्लास गाठायचा. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर अक्कांचा क्लास होता. पाटीवर नाव दुसरंच काहीतरी होतं, पण ते अक्कांशिवाय कुणाला ठाऊक नसावं. सगळे 'अक्कांचा क्लास'च म्हणत.

जिना चढून गेलो तर पन्नाशी उलटलेली एक ठेंगणी, काटक बाई पदर खोचून एका मशीनच्या पोटात दात घासायचा ब्रश घालून अक्षरांचे खिळे साफ करत होती. मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. नवा जमाना, नवं तंत्रज्ञान, आता ही धुडं कशाला सांभाळायची, वगैरे. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ब्रश बाजूला ठेवून म्हणाल्या, "इंजिनियर, तुमच्या त्या कॉम्प्युटरचं माहेर कुठलं?"

मला वाटलं, कंपनी विचारतायत. मी कंपनीचं नाव सांगितलं.

"ते सासर झालं. नांदतोय ते घर. मी माहेर विचारते. आला कुठून तो?"

मी पिशवीतून दरपत्रक काढून पुढं केलं. एक खुलासा इथंच करतो, की मी इंजिनियर नव्हे. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून घरी आलेला माणूस मी. अक्कांना हे पहिल्या दिवशीच कुणीतरी सांगितलं असणार, कारण त्यांनी मला दुसऱ्या कुठल्या नावानं कधी हाक मारलीच नाही.

पुढच्या आठवड्यात मी एक कॉम्प्युटर दाखवायला नेला. अक्कांनी हात धुतले, पदराला पुसले, कीबोर्डला नमस्कार केला आणि बसल्या. आयुष्यात त्यांनी त्या वस्तूला बोट लावलेलं नव्हतं. मी म्हणालो, "अक्का, आधी मी समजावून..." तोवर त्यांची बोटं मधल्या ओळीवर जाऊन बसली होती आणि मान खिडकीकडे वळली होती. आणि हात सुटला! अहो, काय तो वेग! फक्त जोर टाइपरायटरचा होता, त्यामुळे कीबोर्ड टेबलावर नाचायला लागला. मी ओरडलो, "हळू, अक्का, फुटेल!" एवढ्यात ओळ संपली. त्यांचा डावा हात सवयीनं वर उठला, कागदाची गाडी, म्हणजे कॅरेज, ढकलायला, आणि थाडकन मॉनिटरच्या कानशिलात बसला.

मॉनिटर मी कसाबसा धरला. सगळा क्लास खो खो हसला आणि सगळ्यात मोठ्यानं अक्का हसल्या. पुढचे दोन महिने मी हाच तमाशा बघत होतो. मशीनवर शिकलेला जो कुणी यायचा तो ओळ संपली की मॉनिटरला एक ठेवून द्यायचा. एका कचेरीतले निवृत्तीला टेकलेले हेडक्लार्क तर असे जोरात हाणायचे की शेवटी मी सगळे मॉनिटर टेबलाला स्क्रूनं आवळून टाकले. तेव्हा अक्का म्हणाल्या, "बघितलंत? माणसं हात घेऊन आलीत माहेराहून. तुम्ही फक्त भांडं बदललंत."

बारापैकी एकही मशीन त्यांनी मला दिलं नाही. अर्धी खोली मशीनची आणि अर्धी कॉम्प्युटरची. नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच करू द्यायच्या नाहीत. कीबोर्डशेजारी एक टाइपरायटर ठेवायच्या आणि एकेका कळीची ओळख करून द्यायच्या. मीही दुरुस्तीच्या निमित्तानं रेंगाळून ते ऐकायचो.

"ही शिफ्ट. शिफ्ट म्हणजे काय? सरकणं. इथं काय सरकतंय? काही नाही. आता इकडं बघ." आणि टाइपरायटरची कळ दाबायच्या. आतला खिळ्यांचा अख्खा पंखा धप्पकन खाली सरकायचा. एका खिळ्यावर दोन अक्षरं, वरचं आणि खालचं. "कळलं? सरकायचं काम संपलं, नाव राहिलं. ही एंटर. पूर्वी हात लांब करून गाडी परत आणायची, आता करंगळीनं आणायची. ईमेलमध्ये सी सी अशी दोन इंग्रजी अक्षरं असतात बघ, दुसऱ्या कुणाला प्रत पाठवायला? ती आपली कार्बनची प्रत. कार्बन गेला, बोटं काळी व्हायची राहिली, अक्षरं तीच."

मग एखादी चुणचुणीत पोरगी विचारायची, "अक्का, मग टाइपरायटरचं माहेर कुठलं?"

अक्का खूश! "पेटी! पहिल्यांदा ज्यांनी हे मशीन करायला घेतलं त्यांनी बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्या लावल्या होत्या म्हणे. आणि पेटीचं माहेर तुझी बोटं. चल, धू आधी ती."

बोटांचं त्यांना भारी वेड. नखं वाढवलेली मुलगी दारातूनच परत जायची. मुलं टाइप करत असताना त्या सगळ्यांकडे पाठ करून खिडकीत उभ्या राहायच्या, हातात चहाचा स्टीलचा ग्लास, आणि तिथूनच म्हणायच्या, "तिसऱ्या मशीनवर करंगळी आळशी झालीय." तिसऱ्या मशीनवरची मुलगी दचकायची. कॉम्प्युटरच्या कळा मऊ, त्यांचा आवाज तो किती, पण अक्कांना त्यातही कुणाचं बोट अडखळलं ते कळायचं. मी एकदा मुद्दाम त्यांना फसवायला मुलीच्या जागी बसून टाइप केलं. पाठमोऱ्या अक्का म्हणाल्या, "इंजिनियर, उठा. दोन बोटांनी टाइप करणाऱ्यानं दुकानात बसावं."

अशा या बाईंच्या क्लासात वंदनाताई आल्या, आणि मी जे सांगायला बसलोय ते इथून पुढं.

वंदनाताईंचे यजमान धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीत क्लार्क होते. ते अचानक गेले आणि अनुकंपा तत्त्वावर त्यांच्या जागी यांना नोकरी लागली. माहेर एरंडोल तालुक्यातलं, कापसाचं शेत, शिक्षण बारावी. नोकरी मिळाली खरी, पण तिच्यात एक अट होती: दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगची, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी जाणार. पदरात दोन मुली, धुळ्यात भाड्याची खोली. पहिल्या वेळी त्या परस्पर परीक्षेला बसल्या आणि नापास झाल्या. मग कुणीतरी अक्कांकडे पाठवलं.

आल्या तेव्हा दारातच उभ्या. अक्का म्हणाल्या, "आत या." तर त्या आत न येताच रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "अक्का, मना हात कापूस येचाना शेतस. माले हाई जमत नई." कापूस वेचणारे हात, ते कळांवर कसे चालायचे, असं त्यांचं म्हणणं.

त्याच सुमारास अक्का पंधरा दिवस मुलीकडे जळगावला, मेहरूणला गेल्या. मुलगी बाळंत झाली होती. क्लास चालू ठेवायला म्हणून संध्याकाळी मी बसायचो. आणि इथं मी शेण खाल्लं. वंदनाताई टाइप करताना स्क्रीनकडे बघायच्या, चूक दिसली की थांबायच्या. मी शहाणपणा केला. म्हणालो, "ताई, घाबरता कशाला? चुकलं की लगेच पुसा. कॉम्प्युटर असतो तो त्यासाठीच!" त्यांनी ते मनावर घेतलं. चार अक्षरं टाइप करायची, दोन पुसायची. चूक एकही राहायची नाही, मी खूश, त्या खूश. त्याच पंधरवड्यात परीक्षा आली, आणि वेळ संपला तेव्हा उतारा निम्मासुद्धा झालेला नव्हता. दुसऱ्यांदा नापास. आता मुदतीच्या आत एकच परीक्षा उरली होती.

अक्का परत आल्या. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. माझ्या खिशातला स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, वंदनाताईंच्या कीबोर्डवरची खोडायची कळ टचकन उपटली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"अहो अक्का! नवा कोरा कीबोर्ड आहे तो!"

"असू दे. टाइपरायटरवरही ही कळ होती, इंजिनियर. पण ती फक्त मागं न्यायची, पुसायची नाही. मागं जा, चूक बघ, पुढं चल. तुमच्या कॉम्प्युटरनं तिला पुसायला शिकवलं आणि तुम्ही या बाईला. मुलगी माहेरची रीत विसरली, दुसरं काय?"

मग वंदनाताईंना कॉम्प्युटरवरून उठवून सरळ टाइपरायटरवर बसवलं. मी म्हणालो, परीक्षा कॉम्प्युटरवर आहे, तुम्ही यांना कुठं मागं नेताय? भांडलोच मी, खरं सांगतो. जिन्यापर्यंत आवाज जात होता. मला वाटत होतं, आधी मी वाटोळं केलं, आता या करतायत. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मराठीच्या कळा दोन्हीकडे एकाच जागी आहेत. तुमच्या कॉम्प्युटरनं त्या इथूनच उचलल्यात. बोटांना काही नवं शिकायचं नाहीये. डोळ्यांना शिकायचंय."

आणि वंदनाताईंकडे वळून त्या एकदम गावच्या बोलीत आल्या. "वंदना, कापूस येचतांना तू हातकडे देखस का?"

"नई."

"मंग?"

"नजर पुढला बोंडवर राहस. हात आपलं काम करतस."

"दोन्ही हात?"

"दोन्ही. एक हातनी येचसू तर सांज व्हई जाई."

"मंग आठे बी तेच कर. उतारा म्हणजे शेत. नजर पुढल्या शब्दावर, मागं काय पडलं ते देखानं नई."

वंदनाताईंनी हात मशीनवर ठेवले. मला तर वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना कुणीतरी सांगितलं की तुझ्या हातांना काहीतरी येतं. आजवर सगळे, मीसुद्धा, त्यांना काय येत नाही तेच मोजत होतो.

चार महिने रोज सकाळी कचेरीच्या आधी एक तास, संध्याकाळी सुटल्यावर दोन तास. टाइपरायटरवर चूक केली की ती कागदावर राहायची, ठसठशीत, काळी. पहिल्या दिवसांत त्या प्रत्येक चुकीला "वं माय!" म्हणून थांबायच्या. अक्का पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणायच्या, "चाल पुढं. बोंड पडलं, पडू दे." हळूहळू "वं माय" बंद झालं. मग एक दिवस अक्कांनी त्यांना परत कॉम्प्युटरवर बसवलं, आणि स्क्रीनवर चक्क टॉवेल टाकला! मी कपाळाला हात लावला. पण टॉवेलाखाली उतारा पूर्ण झाला होता, चुका चार, आणि वेळ शिल्लक. मी टॉवेल काढून दोनदा मोजलं. मग खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा आणला.

याच दिवसांत वंदनाताईंचे साहेब एकदा क्लासात आले. भला माणूस, पण नियमाचा पक्का. म्हणाले, "अक्का, मला वाईट वाटतं हो. हल्ली मोबाइलवर नुसतं बोललं की टाइप होतं. तुमची ही सगळी मेहनतच आता जुनी झाली. पण नियम म्हणजे नियम. बाई पास झाल्या नाहीत तर मला पत्र काढावं लागेल."

"बोललं की टाइप होतं? छान!" अक्का म्हणाल्या. "सांगा बरं एक पत्र. रजेचं."

साहेबांनी ऐटीत मोबाइल तोंडाशी धरला. "अं... विषय... म्हणजे उपरोक्त... नाही नाही, थांब... तर, आपणास कळवण्यात येते की, अं, ते काय..." मोबाइलनं बिचाऱ्यानं इमानदारीनं 'नाही नाही थांब'सकट सगळं उमटवलं. क्लासातल्या मुली तोंडात पदर आणि ओढण्या कोंबून बसल्या.

अक्का हसल्या नाहीत. "साहेब, हेही जुनंच. पूर्वी साहेब सांगायचे, स्टेनो लिहून घ्यायची. ती तुमचं 'अं' आणि 'थांब' गाळून पत्र करायची. आता स्टेनो या मोबाइलच्या डब्यात गेली, तो काही गाळत नाही, म्हणून वाक्य तुम्हाला मनात आधी पूर्ण करावं लागतं. शिकवीन मी. या सकाळी आठला." साहेब निघाले ते घाम पुसतच. पुढं ते खरंच आले आणि पंधरा दिवस पहिल्या बाकावर बसून उतारा सांगायला शिकले, ही गोष्ट त्यांच्या कचेरीत अजून कुणी विसरलेलं नाही.

परीक्षेचं केंद्र जळगावला होतं. पहाटेची बस धरून आम्ही तिघं निघालो. मी का गेलो? अपराधी होतो म्हणून. एरंडोल आलं तसं वंदनाताई म्हणाल्या, "अक्का, पद्मालयाना गणपतीले जाई येऊत का?" अक्का म्हणाल्या, "गणपती कुठं जात नाही. परीक्षेचं दार मात्र नऊला बंद होतं. येताना जाऊ." आणि बसभर त्यांनी वंदनाताईंना बोलू दिलं नाही, खाऊ घातलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर पाणी. हात स्वतःच्या रुमालानं पुसून दिले.

परीक्षेची खोली काचेच्या दारामागं होती. आतला आवाज बाहेर अजिबात येत नव्हता. मी त्या दिवशी अक्कांना पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं. आयुष्यभर कानानं बघणारी बाई, आणि कानाला काहीच लागेना! त्यांनी काचेला कान लावला, शिपायानं हटकलं. मग येरझाऱ्या घालायला लागल्या. माझा दंड धरून म्हणाल्या, "इंजिनियर, ती खोडायची कळ त्या कीबोर्डला आहे. मी ती सगळीकडची काढू शकत नाही. तिनं जर पुसायला सुरुवात केली तर?" ती सवय लावली होती कुणी?

काचेतून वंदनाताई पाठमोऱ्या दिसत होत्या. आजूबाजूची मुलं विशीतली, त्यांच्या माना सारख्या वरखाली, उताऱ्यावर, स्क्रीनवर, कळांवर. वंदनाताईंच्या डावीकडे कागद होता आणि मान डावीकडे. मी बघत राहिलो. एक मिनिट. दोन. मान हलेना.

"अक्का," मी म्हणालो, "मान बघा."

त्यांनी चष्मा पुसला, बघितलं, आणि मटकन बाकावर बसल्या. "देखत नई ती," पुटपुटल्या. "मागं देखत नई." वेळ संपायच्या आधी वंदनाताईंचे हात थांबले आणि मांडीवर येऊन बसले. शेजारची पोरं अजून खटाखट खोडत होती. मी मोठा माणूस, दुकानदार, पण त्या व्हरांड्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही.

येताना गणपतीला गेलो. निकालाला महिना लागला. त्या महिन्यात अक्कांनी वंदनाताईंना एक दिवस सुट्टी दिली नाही. "निकाल त्यांचा, सराव आपला," एवढंच.

निकाल आला. पास! वेग तीसच्या बराच वर. अक्का त्या वेळी क्लास आवरून कायमच्या मुलीकडे मेहरूणला निघायच्या तयारीत होत्या, गुडघे जिना चढू देत नव्हते. बारा मशिनं कुठं गेली विचाराल, तर दोन माझ्या दुकानात काउंटरवर आहेत आणि बाकीची अक्कांच्या दहा विद्यार्थिनींच्या घरी. आजही फोन केला की त्या आधी माझ्या दुकानाची चौकशी करतात आणि मग नातीनं मोबाइलवर बोट न उचलता घसरवत टाइप करायला शिकवल्याचं सांगतात. "तीच मधली ओळ आहे हो, इंजिनियर, तीच!" असं ओरडतात की कान दुखतो.

पण माझ्या डोळ्यांसमोर अक्का येतात त्या निकालानंतरच्या एका दिवशीच्या, वंदनाताईंच्या कचेरीतल्या. साहेबांनी निरोप धाडला होता, या म्हणून. आम्ही गेलो तर साहेब टेबलाशी उभे. म्हणाले, "अक्का, बाईंना सेवेत कायम केल्याचा आदेश काढायचाय. टायपिस्ट रजेवर आहे. कोण काढणार?" आणि मिशीत हसत वंदनाताईंकडे बघितलं.

वंदनाताई कॉम्प्युटरवर बसल्या. साहेबांनी आदेश तोंडी सांगितला, सलग, एकदाही न अडखळता. त्यात एका ठिकाणी बाईंचं पूर्ण नाव आलं, आणि दिवंगत यजमानांचंही. तिथं त्यांचे हात क्षणभर थांबतील असं मला वाटलं. थांबले नाहीत. सगळी कचेरी कामं सोडून भोवती उभी होती. छपाईचं यंत्र घुरघुरलं, कागद बाहेर आला, साहेबांनी सही केली आणि तो वंदनाताईंना न देता अक्कांच्या हातात दिला.

अक्कांनी चष्मा लावला. पहिल्यांदा कागद सुलट वाचला. मग शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत उलटा वाचला, एखादी चूक नजरेतून निसटायला नको म्हणून. कुणी हललं नाही. मग अक्कांनी मान डोलावली, म्हणाल्या, "चूक नाही." कागद परत द्यायला हात पुढं केला, पण दिला नाही. तिथंच उभ्या राहून तो तिसऱ्यांदा वाचायला लागल्या, मोठ्यानं, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असा, वंदनाताईंच्या नावासकट.